एक सामान्य, दोन टकली

त्यांचं खरं नाव खोलीच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची तसदी कोणी घेत नसे. सगळे त्यांना टक्के म्हणत. बियाणं तपासायच्या त्या सरकारी इमारतीत त्यांनी उभा जन्म काढला होता. गव्हाचं पोतं येवो की कांद्याच्या बियांची पुडी, टक्के त्यातलं बी ओल्या कागदावर मांडणार, कागद उबेच्या पेटीत ठेवणार आणि मुदत भरली की चिमटा घेऊन मोजायला बसणार. इतकी उगवली, इतकी नाही, त्याचा टक्का हा असा, विषय संपला.

घरीही तेच. भाजी कशी झालीय असं बायकोनं विचारलं की घास चावून, जरा विचार करून ते सांगत, "पंच्याऐंशी." बायको शेजारणींना म्हणायची, "एवढी वर्षं रांधतेय, पण पैकीच्या पैकी काही पडत नाहीत. उरलेले पंधरा हा माणूस कुठे ठेवतो देव जाणे." शेजारणी हसत, तीही हसे. टक्क्यांना यात हसण्यासारखं काही दिसत नसे. मीठ कमी होतं, म्हणून पंच्याऐंशी.

त्यांच्या कामातली एक गोष्ट नव्या माणसाला पचायला जड जाते. मोजून झालं की सगळं फेकायचं असतं. मेलेलं बी तर फेकायचंच, पण चांगली लुसलुशीत, पांढऱ्याशुभ्र मुळांची, पानं उघडू पाहणारी रोपंसुद्धा कागदासकट बादलीत जातात. बादली मागच्या आवारात जाते. तिथे एका मोठ्या ड्रममध्ये पाणी उकळत असतं, त्यात सगळं ओततात, म्हणजे कोणाच्या पोत्यातला रोग किंवा तण इमारतीबाहेर जाऊ नये. नवीन माणसं पहिल्या आठवड्यात हळहळतात, एखादं रोप रुमालात गुंडाळून घरी न्यायला बघतात. टक्के त्यांना दारातच अडवत आणि अगदी थंडपणे सांगत, "हे रोप नाही, हा आकडा आहे. आकडा आपण घेतला. आता हा कचरा."

या वाक्यात खोटं काही नाही, आणि हीच त्यातली खोट आहे. पोत्यातलं बी कसं आहे हे कळायला त्यातलं थोडं खर्ची घालावंच लागतं, हे कोणालाही पटेल. पण रोज तेच वाक्य बोलून आणि रोज तेच हात चालवून माणसाचं काय होतं, याची चाचणी त्या इमारतीत होत नव्हती.

टक्क्यांना एक ताई होती. त्यांची आई ते लहान असतानाच गेली. तेव्हापासून ताईनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, प्रसंगी बडवलं, उशाशी बसून पाढे घोकून घेतले, आणि ते चाकरीला लागले तेव्हाच स्वतःच्या लग्नाला होकार दिला. आईची म्हणून दोघांकडे फारसं काही उरलेलं नव्हतं. फोटो कधी काढलाच नव्हता. होता तो एक घेवडा. आईनं परसात लावलेला, जांभळ्या देठाचा, जांभळ्या फुलांचा, भिंतीवरून चढत थेट खिडकीपर्यंत जाणारा. चवीला तो काही खास होता असंही नाही. शेंगांना दोर फार आणि शिजायला वेळ. बाजारात तो कुठे मिळत नसे याला कारण होतं. पण ताईनं तो सासरी नेला आणि वर्षानुवर्षं पेरला, शेंगा वाळवल्या, बी राखलं आणि पुन्हा पेरलं.

मग ताईचं कंबरेचं हाड मोडलं. ती मुलाच्या घरी राहायला गेली, तिसऱ्या मजल्यावर. तिथे ना परस ना अंगण. बियांचा डबा तेवढा तिनं बरोबर नेला आणि हाताशी असावा म्हणून स्वयंपाकघरात ठेवला, शेगडीच्या वरच्या फळीवर. टक्क्यांनी तो तिथे पाहिला तेव्हाच कपाळावर आठ्या घातल्या होत्या. "ताई, तिथे नको ठेवूस. ऊब आणि वाफ, दोन्ही बियांना मारक." "अरे, झाकण घट्ट आहे," ताई म्हणाली होती, आणि डबा तिथेच राहिला. अशी बरीच वर्षं गेली.

ताई आता दिवसभर खिडकीशी बसून असे. चालणं संपलं होतं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, तिच्यावर पाण्याचे नळ. एके दिवशी तिनं टक्क्यांना बोलावून घेतलं आणि डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "बाळ्या, माझ्या मनात आहे, हा या खिडकीत चढवायचा. कुंडीत येईल ना? त्या नळांकडे बघून बघून डोळे विटले रे. पुन्हा एकदा आईची फुलं दिसली म्हणजे झालं."

टक्क्यांनी डबा उघडला. आत पंचवीस बिया होत्या, मूठभरसुद्धा नाहीत. पूर्वी त्या पांढुरक्या, जांभळ्या रेघांच्या असत, आता चहाच्या डागासारख्या तपकिरी पडल्या होत्या. त्यांनी एक नखानं दाबून पाहिली आणि मान हलवली.

"हे सगळंच?"

"सगळंच. मागं शेजारणीला दिलं होतं, तिनं शिजवून खाल्लं."

"म्हातारं झालंय ताई हे. वरून बी तसंच दिसतं, म्हणून माणूस फसतो. आत प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तो जुना झाला की विरतो, त्याला भोकं पडतात. बी ओलं झालं की आधी वाढत नाही, आधी घरातली डागडुजी करतं. जिथे मोडलंय तिथे सांधतं. मोडतोड जास्त असली की सांधता सांधताच दम संपतो. आतली साखर बाहेर झिरपते, तिच्यावर बुरशी बसते, आणि..."

"मला शाळा शिकवू नकोस. उगवेल का ते सांग."

"मातीत टाकलंस तर कुजेल. माझ्याकडे दे. मी त्याला हळूहळू ओल देतो, एकदम पाणी पाजलं तर पेशी फुटतात. पेटीत ऊब नेमकी ठेवता येते. एखादं जरी जिवंत असलं तरी माझ्याकडे उगवेल."

ताईनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "ने. तुझ्यावर सोडते. तुझ्याइतकं यातलं कळणारं आपल्यात कोण आहे?"

त्यांनी ते काम जिवापाड केलं, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर या माणसावर अन्याय होईल. थोडं बी मागे ठेवावं असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण तो त्यांनी झटकला. मुळात बिया इतक्या कमी, त्यातल्या निम्म्यांवर टक्का काढणं शास्त्राला धरून नव्हतं. आता त्या बियांचा टक्का कोणी मागितला होता? कोणीच नाही. पण काम त्यांना टक्क्याशिवाय करताच येत नव्हतं. त्यांनी सगळ्या बिया दमट हवेत ठेवल्या, त्यांना हळूहळू ओल चढू दिली, मग ओल्या कागदावर त्यांच्या रांगा मांडल्या, कागदाची गुंडाळी केली आणि पेटीत ठेवली. रोज जाता येता ते पेटीच्या काचेला नाक लावत. घरी जेवता जेवता मध्येच थांबत. "ताईचं आज काय झालं असेल?" असं म्हणत, तेव्हा ताईचं म्हणजे बियांचं, हे बायकोला आता कळत होतं.

मोजणीच्या दिवशी टेबलावर बरंच काही होतं. मक्याचे नमुने, गव्हाचे, कुठल्याशा कंपनीची मिरची. शेजारी लिहिणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्याही जुन्या, टक्क्यांच्याच बरोबरीच्या. टक्के चिमट्यानं एकेक उचलत आणि तीनच शब्द बोलत. सामान्य, असामान्य, मेलेलं. सामान्य म्हणजे ज्याचं मूळ, देठ, शेंडा सगळं जागच्या जागी आहे. मेलेलं म्हणजे मेलेलं. मधलं असामान्य हे उगवतं खरं, पण त्याच्यात काहीतरी कमी असतं, आणि नियमानं ते मेलेल्यातच जमा होतं. घेवड्याच्या असामान्यांत एक जात असते तिला टकलं म्हणतात. बियांच्या दोन जाड फाका उघडतात आणि त्यांच्यामध्ये जिथे शेंडा हवा तिथे काहीच नसतं, नुसता खुंट.

ताईची गुंडाळी उघडली तेव्हा आंबूस वास आला. कागद चिकट झाला होता, बियांतून झिरपलेल्या साखरेवर राखाडी बुरशी माजली होती. टक्क्यांचा चेहरा पडला. पण आवाज पडला नाही. मेलेलं. मेलेलं. मेलेलं. बाई लिहीत राहिल्या. मग एक टकलं आलं, आणि थोड्या वेळानं दुसरं. "असामान्य," टक्के म्हणाले, आणि दोन्ही बादलीत गेली.

शेवटच्या रांगेत कडेला एक होतं. त्याची मान वाकडी होती, पण ती त्यानं सरळ करत आणली होती. मुळाला बारीक केस फुटले होते. दोन फाकांच्या मधून दोन चुरगळलेली पानं बाहेर आली होती, आणि देठ जांभळा होता. आईच्या घेवड्याचा असायचा तसाच.

टक्क्यांनी ते अलगद उचललं आणि उजेडात धरलं. मूळ पाहिलं, शेंडा पाहिला, पानांच्या कडा पाहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "सामान्य," ते म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की लिहिणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं. मग बादलीवर चिमटा उघडला.

इथे कोणी म्हणेल की हात चुकला. हात चुकला असता तर फार बरं झालं असतं. हात बरोबर होता, तो इतकी वर्षं जे करत आला तेच त्यानं केलं. टक्क्यांच्या डोक्यात त्या वेळी रोप नव्हतंच, आकडा होता. ज्या बियांना ते शून्य देऊन बसले होते त्यांनी चार टक्के मिळवले होते. त्यांनी मिरचीही मोजून टाकली, हात धुतले आणि पोरासारखे हसत फोनपाशी गेले. त्यांच्यामागे बादल्या रोजच्यासारख्या उचलल्या गेल्या.

"ताई, चार टक्के."

"कसले चार टक्के?"

"तुझा घेवडा. मी शून्यच धरून चाललो होतो. तर एक सामान्य निघालं. दोन टकली पण आली, ती धरत नाहीत. पण एक अगदी सामान्य, ताई."

"म्हणजे उगवलं?"

"उगवलं म्हणजे काय, दोन्ही पानं शाबूत. देठ जांभळा."

ताई हसली. हाड मोडल्यापासून ती अशी हसली नव्हती. "मग आण की रे. कुंडी तयार आहे केव्हाची. माती आणून घेतलीय. सूनबाईनं खिडकीला दोरीसुद्धा बांधून ठेवलीय. आजच आणतोस?"

टक्क्यांनी मागे वळून पाहिलं, टेबलाखालची बादली गेली होती.

"अरे, ऐकतोयस ना?"

"हो."

"देठाला काहीतरी गुंडाळून आण. बाहेर वारा आहे."

त्यांनी फोन ठेवला की हातातून पडला, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. ते मागच्या आवारात पोचले तेव्हा ड्रममधून वाफा येत होत्या. ड्रमवाला लांब काठीनं ढवळत होता. "आज इकडे कुठे?" त्यानं विचारलं. टक्क्यांनी त्याच्या हातातली काठी घेतली. पाण्यात शेकडो रोपं गरगरत होती, मका, गहू, मिरची, घेवडा, सगळी लिबलिबीत. ते जांभळा देठ शोधत होते. पण तो जांभळा रंग उकळत्या पाण्यात टिकत नाही. आईच्या जांभळ्या शेंगासुद्धा भांड्यात शिरल्या की बघता बघता हिरव्या व्हायच्या, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तरी ते काठीनं शोधत राहिले. ड्रमवाला अदबीनं म्हणाला, "यातून आता काही निघत नाही, टक्के. तुमचाच नियम आहे."

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "बाजारातलं घेवड्याचं रोप घेऊन जा. ताईंना आता कुठे एवढं नीट दिसतंय? फुलं येतील तेव्हाचं तेव्हा बघू." टक्के उखडले. "मी खोटा नमुना देऊ? मी?" आयुष्यात त्यांनी कधी कोणाचा आकडा वाढवला नव्हता की कमी केला नव्हता. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तोच बरोबर घेऊन ते ताईकडे गेले.

कुंडी खिडकीत होती. माती भिजवून, वरून सारखी करून ठेवली होती, मध्ये बोटानं खळगा केलेला. दोरी ताणून वरच्या गजाला बांधली होती. ताईनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग पिशवी कुठे आहे ते पाहिलं.

"कुठंय?"

"ताई, त्याचं असं झालं," टक्क्यांनी सुरुवात केली, आणि मोजणी झाल्यावर काय करायचं असतं ते सगळं सांगितलं. बादली सांगितली, ड्रम सांगितला. सून ओट्यापाशी उभी होती, ती हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

"फेकलंस?" ताई म्हणाली.

"फेकलं म्हणजे, चाचणी संपली की..."

"मी तुला चाचणी करायला दिलं होतं?"

या जागी माणूस खाली बसतो, पाय धरतो, निदान रडतो. टक्क्यांच्या मनात तसं काही होतंही, काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण तोंडातून निघालं ते भलतंच. ते म्हणाले, "तसंही ते जगलं असतंच असं नाही. इतक्या जुन्या बियांची रोपं अशक्त असतात."

"आणि ती दोन? टकली? ती पण?"

"टकल्यांना कधी कधी फाकांच्या बगलेतून फुटवा येतो, वेलही होतो एखाद्याचा, पण..." आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन ते थांबले.  ताईनं डोळे मिटून घेतले. कोंडीत सापडलेला माणूस हाताला लागेल ते फेकून मारतो. टक्क्यांच्या हाताला तेच लागलं जे त्यांच्याकडे कायम असायचं.

"आणि मुळात बी मारलं कोणी, ताई? मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, शेगडीवर ठेवू नकोस. इतकी वर्षं रोज वाफ खाल्ली त्या बियांनी. एकेक पेशी आतून फाटत गेली. पंचवीसमधल्या बावीस तर माझ्याकडे आल्या तेव्हाच मेलेल्या होत्या. त्या तुझ्या शेगडीनं मारल्या. माझ्या हातून तीन गेल्या. तूच हिशेब कर. माझा दोष बारा टक्के आहे."

हे खरं होतं. बेरीज, भागाकार, कारण, सगळं बरोबर होतं. सुनेनं शेगडी बंद केली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

ताईनं कुंडी जवळ ओढली. मग तिनं मातीतला तो खळगा बोटांनी बुजवला आणि हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर टक्के सुटले असते, तिच्या रागाची त्यांना सवय होती. ती त्यांच्याकडे वळली आणि कोणाकडेही बघावं तशी बघून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

टक्क्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सूनबाई, यांना चहा टाक." आणि मग त्यांना, "साखर किती घेता तुम्ही?"

"ताई..."

"बसा ना. उभे का?"

ते बसले. चहा आला, त्यांनी तो घेतला. ताईनं त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, घरी सगळे बरे आहेत ना म्हणून विचारलं, उन्हाचं जपून जा म्हणाली. एकही शब्द वावगा नव्हता. उठताना तिनं सुनेला जिन्यातला दिवा लावायला सांगितलं.

टक्के तेव्हापासून दर आठवड्याला जातात. फळं नेतात, औषधं आणून देतात, खिडकीच्या सळ्यांना रंग लावून दिला. कुंडी पुढे कधीतरी सुनेनं खाली नेऊन ठेवली. बायकोनं एकदा म्हणून पाहिलं, "जरा पाय धरा त्यांचे." टक्क्यांनी तेही केलं. ताईनं घाईघाईनं पाय मागे घेतले, परक्यानं वाकून नमस्कार केला की घेतात तसे, आणि "अहो, हे काय करताय?" म्हणाली. तिनं कोणाजवळ त्यांची तक्रार केली नाही. मुलानं विषय काढला तर म्हणते, "छे, चांगला माणूस आहे. किती करतात माझं."

गेल्या वेळी सून बाहेर गेली होती, घरात दोघंच होती. टक्क्यांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली. समोरच्या भिंतीवर नळ होते. त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"ताई, मार मला. शिव्या दे. पण मला अरे म्हण. तुझ्याशिवाय म्हणणारं आता कोणी नाही गं."

ताईनं त्यांच्या हातातला रिकामा पेला घेतला, बाजूला ठेवला.

"आणखी काही लागलं तर सांगा हं," ती म्हणाली. "संकोच करू नका."